जगाने गळा ऐकला, करार कोणी वाचून दाखविला?

२६ मे २००४ रोजी अमेरिकेतील ‘अमेरिकन आयडॉल’ या दूरचित्रवाणीवरील गायन स्पर्धेच्या तिसऱ्या पर्वाचा निकाल लागला. साडेसहा कोटी मते पडली आणि सुमारे १३ लाखांच्या आघाडीने फँटेझिया बॅरिनो ही १९ वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी विजयी झाली. शाळा अर्धवट सुटलेली, १७ व्या वर्षी लग्नाविना आई झालेली, नॉर्थ कॅरोलायना राज्यातील हाय पॉइंट या फर्निचरच्या कारखान्यांच्या गावातली मुलगी! तिचे पहिले गाणे बाजारात आले ते थेट बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर उतरले. पहिल्याच गाण्याने, आल्या आल्या पहिला क्रमांक मिळविणारी ती त्या यादीच्या इतिहासातली पहिली कलावंत ठरली.

सव्वा वर्षाने, २००५ साली, तिचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. त्यात आणि त्या वेळच्या दूरचित्रवाणी मुलाखतीत तिने जे सांगितले ते ऐकून अमेरिका अवाक् झाली. तिला वाचता येत नव्हते! कार्यक्रमात हातात कागद आला की ती कशीबशी वेळ मारून नेत असे. करारांवर सह्या केल्या त्या दुसऱ्याने काय सांगितले त्यावर विसंबून. आणि सर्वात जास्त काय खुपले, तर आपल्या लहानग्या मुलीला गोष्टीचे पुस्तक वाचून दाखविता येत नाही हे. ते आत्मकथनही तिने तोंडी सांगितले आणि दुसऱ्याने लिहून घेतले.

आम्ही वकिली करतो. ‘मजकूर वाचून दाखविला, तो समजला व मान्य आहे, निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ ही ओळ आम्ही किती जबाबांखाली, किती खरेदीखतांखाली पाहिली असेल याची गणती नाही. ही ओळ जितकी ठसठशीत, तितका पक्षकार बहुधा नागवला गेलेला असतो, हा आमचा अनुभव. तेव्हा एका गायिकेच्या कारकिर्दीवर या स्तंभात का लिहायचे, असे कोणी विचारू नये. हा विषय गाण्याचा कमी आणि अंगठ्याचा जास्त आहे.

आधी त्या राज्याची गोष्ट. नॉर्थ कॅरोलायनाच्या विधिमंडळाने १८३० साली एक कायदा केला. गुलामांना लिहिणे-वाचणे शिकविणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरला. गोऱ्याने शिकविले तर शंभर ते दोनशे डॉलर दंड किंवा तुरुंग. एका गुलामाने दुसऱ्या गुलामाला शिकविले तर उघड्या पाठीवर ३९ फटके. कारणही कायद्यातच नमूद होते: शिकल्याने गुलामांच्या मनात असंतोष पैदा होतो आणि बंड होते. मात्र आकडेमोड शिकविण्याला मुभा होती! कापसाची गाठोडी मोजायला मालकाला माणूस हवाच की. शूद्राने वेद ऐकला तर कानात शिसे ओतावे असे सांगणाऱ्यांची आठवण वाचकांना आम्ही करून द्यायला नको. फरक एवढाच की त्यांचे शास्त्र होते आणि यांचा चक्क छापील कायदा, कलमे आणि दंडाच्या रकमेसकट.

गुलामी संपली. पण शाळेचे दार उघडले म्हणजे आत बसू दिले असे नव्हे. हाय पॉइंटच्या शेजारचे ग्रीन्सबरो हे गाव जगाला ठाऊक झाले ते १ फेब्रुवारी १९६० रोजी. त्या दिवशी चार कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या उपाहारगृहाच्या बाकावर जाऊन बसले आणि उठायला तयार झाले नाहीत. १९२७ साली चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणाऱ्यांच्या वारसांना या बाकाचे महत्त्व सांगावे लागत नाही. त्या सत्याग्रहानंतर २४ वर्षांनी, १९८४ साली, फँटेझियाचा जन्म झाला. आजी आणि आई दोघी चर्चमध्ये उपदेश करणाऱ्या, सगळे घर भक्तिगीते गाणारे. पाचव्या वर्षापासून ही मुलगी गात होती. शाळेत असताना तिच्यावर अत्याचार झाला. ते तिने स्वतःच आत्मकथनात सांगितले आहे. ज्याच्याविरुद्ध तक्रार केली त्याच्या सोबत्यांनी तिलाच छळले, शाळा नकोशी झाली आणि सुटली. आपल्याकडे मुलींची गळती का होते यावर समित्या नेमल्या जातात. त्यांनी हे एक प्रकरण वाचले तरी पुरे.

अशी मुलगी स्पर्धेत उतरली. एप्रिल २००४ मध्ये ती मंचाच्या जमिनीवर बसून गर्श्विनचे ‘समरटाइम’ गायली. तो प्रयोग आजही त्या स्पर्धेतला सर्वोत्तम म्हणून सांगितला जातो. आणि आठवड्याभराने काय झाले? मतदानात सर्वात खाली तीन नावे आली. फँटेझिया, लाटोया लंडन आणि जेनिफर हडसन. तिघीही कृष्णवर्णीय, आणि परीक्षकांच्या मते तिघीही त्या वर्षीच्या सर्वोत्तम गायिकांपैकी! हडसनला घरी जावे लागले. इंग्लंडचे गायक एल्टन जॉन यांनी हे मतदान वंशद्वेषी असल्याचे जाहीरपणे सांगितले. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हडसनच्या शिकागोत त्या रात्री वादळाने वीज गेली होती, आणि तीन तोडीच्या गायिकांमध्ये एकाच चाहत्यावर्गाची मते फुटली असेही म्हटले गेले. मतविभागणीचे दुखणे रिपब्लिकन चळवळीच्या वाचकांना नवीन नाही. असो. घरी पाठविलेल्या हडसनला २००७ मध्ये ऑस्कर मिळाले. साडेसहा कोटी मतांचे शहाणपण किती खोल असते ते यावरून दिसते.

फँटेझियाविरुद्ध आणखी एक कुजबूज होती. लग्नाविना आई झालेली मुलगी देशाचा ‘आयडॉल’ कशी? पुढे तिने एकट्या आयांच्या कष्टांवर गाणे म्हटले तेव्हाही ती अनीतीला उत्तेजन देते असा गिल्ला झाला. १८६३ साली जोतिराव-सावित्रीबाईंनी आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. त्या घराच्या परंपरेतल्या माणसाने या कुजबुजीला काय उत्तर द्यावे हे सांगण्याची गरज नाही.

आता कराराकडे वळू. या स्पर्धेचे जनक सायमन फुलर. त्यांच्या ‘नाइन्टीन’ या कंपनीशी स्पर्धकांना करार करावे लागत, तेही जिंकण्याच्या आधी. गाण्याचे ध्वनिमुद्रण, कार्यक्रमांची व्यवस्था, नाव आणि छबी वापरून विकायचा माल, सगळे त्यात येई. हे बेकायदेशीर नाही. करार दोन सज्ञान पक्षांनी राजीखुशीने केला की तो कायद्याला मान्य. पण एका बाजूला वकिलांची फौज आणि दुसऱ्या बाजूला अक्षरे न लागणारी १९ वर्षांची मुलगी, यातली राजीखुशी किती? आपल्या १८७२ च्या करार कायद्यातही ‘अनुचित प्रभाव’ नावाचे कलम आहे. न्यायालयांनी पडदानशीन आणि निरक्षर स्त्रियांच्या बाबतीत कागद समजावून दिला होता हे सिद्ध करण्याचा बोजा समोरच्यावर टाकलेला आहे. पण न्यायालयापर्यंत जायचे तर आधी आपण कशावर सही केली ते कळले पाहिजे. तेच तर कळत नाही!

तिची पुढची वर्षे पाहा. २००४ च्या नोव्हेंबरमध्ये पहिला अल्बम आला आणि तो प्लॅटिनम ठरला. २००६ मध्ये तिच्या आत्मकथनावर दूरचित्रवाणीपट निघाला आणि त्यात तिने स्वतःचीच भूमिका केली. २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर नाटकात मुख्य भूमिका. एवढे सगळे झाल्यावर २००८ च्या अखेरीस बातमी आली की शार्लट शहरातील तिचे घर कर्जापायी लिलावात निघाले आहे. लिलाव कसाबसा टळला. ऑगस्ट २०१० मध्ये तिने गोळ्या घेतल्या. वाचली. त्याच महिन्यात नवा अल्बम आला आणि २०११ च्या आरंभी ग्रॅमी पारितोषिक मिळाले. या चढउतारांना सर्वस्वी निरक्षरता जबाबदार होती असे आम्ही म्हणणार नाही, माणसाच्या आयुष्यात इतरही दुःखे असतात. पण मिळवती एक, हिशेब दुसऱ्याच्या हातात आणि वह्या वाचता येत नाहीत, अशा घराचे काय होते ते आम्ही न्यायालयाच्या आवारात रोज पाहतो.

ब्रॉडवेचे ते नाटक कोणते होते? ‘द कलर पर्पल’. अॅलिस वॉकर यांची १९८२ ची कादंबरी, १९८३ चे पुलित्झर पारितोषिक मिळविलेली. सीली नावाची छळलेली, मारलेली, विकल्यासारखी लग्नात दिलेली कृष्णवर्णीय मुलगी देवाला पत्रे लिहिते. बहीण नेटी तिला शिकविण्यासाठी धडपडते. १९८५ च्या चित्रपटात ती घरातल्या वस्तूंवर नावांच्या चिठ्ठ्या लावून तिला अक्षरे शिकविते. पुढे बहीण दूर देशी जाते, पत्रे पाठविते, आणि सीलीचा नवरा ती पत्रे वर्षानुवर्षे दडवून ठेवतो. पत्रे हाती लागतात तिथून सीलीचे आयुष्य पालटू लागते. ही भूमिका फँटेझियाकडे आली तेव्हा ‘मला वाचता येत नाही’ असे जगापुढे सांगून तिला दोनच वर्षे झाली होती. २०२३ च्या चित्रपटात तिने पुन्हा सीली केली. आधी तिने नकार दिला होता, ते दुःख पुन्हा अंगावर घ्यायचे नव्हते म्हणून. तो चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित झाला २५ डिसेंबरला. आपल्याकडे त्या दिवशी महाडची आठवण निघते.

वस्तूंवर चिठ्ठ्या लावून अक्षरे शिकण्याचा तो प्रसंग पाहताना आम्हाला आपले महाकवी वामनदादा कर्डक आठवले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा मुलगा मुंबईत शिवडीच्या चाळीत राहत होता. वय विशीच्या आसपास. कोणीतरी पत्र वाचून द्यायला सांगितले आणि वामनदादांना ते वाचता येईना. त्या शरमेने ते रडले. मग देहलवी नावाच्या गुरुजींकडून बाराखडी शिकले आणि दुकानांच्या पाट्या वाचून जोडाक्षरे घोटली. त्या माणसाने पुढे हजारो गीते रचली आणि बाबासाहेबांचा विचार गावागावांतल्या निरक्षर आयाबायांच्या ओठांवर नेला. १५ मे २००४ रोजी वामनदादा गेले. त्यानंतर ११ दिवसांनी तिकडे फँटेझिया जिंकली. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण आमच्या मनात त्या शेजारी बसल्या आहेत त्या बसल्याच.

वामनदादा वाचायला शिकले. त्यांच्या गाण्यांवर आणि त्यांच्यासारख्या अनेक शाहिरांच्या गाण्यांवर कोणी किती कमावले याचा हिशेब मात्र चळवळीने कधी मागितला? ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर, विजयादशमीला दीक्षाभूमीवर कॅसेटच्या दुकानांची रांग लागे. पुढे सीडी आल्या, आता मोबाइल. दुकान बदलले, गाणी तीच. गायकाला एकदा काय ते पाकीट मिळाले, तेवढेच.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक गायक आले. नाव सांगत नाही, भीमगीतांच्या क्षेत्रात मानाचे नाव. त्यांच्या जुन्या कॅसेटमधली गाणी मोबाइलवर लाखो लोक ऐकतात आणि यांच्या हातात छदाम नाही, अशी तक्रार. आम्ही करार मागितला. शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर तीन पाने, सगळी इंग्रजीत. ‘कायमस्वरूपी, जगभर, आज ज्ञात असलेल्या आणि पुढे निघणाऱ्या सर्व माध्यमांसाठी’ हक्क दिल्याचे कलम दुसऱ्या पानावर. खाली यांची मराठीतली वळणदार सही. हे गृहस्थ निरक्षर नाहीत, बाबासाहेबांचे ग्रंथ मराठीतून वाचलेले आहेत! आम्ही विचारले, दादा, सही करताना कोणाला दाखविले नाही का? म्हणाले, ‘‘वकीलसाहेब, समोर माइक लावून ठेवला होता. मंडळी खोळंबली होती. तिथे कागद वाचत बसलो असतो तर लोक म्हणाले असते, गाणं म्हणायला आलाय की कज्जा करायला?’’

हे ऐकून आम्हाला लाज वाटली. त्यांची नव्हे, आमची. आपल्या समाजात आज तालुक्यातालुक्याला वकील आहेत. जयंतीला आम्ही काळा कोट घालून व्यासपीठावर बसतो, गायकाला शाल देतो, फोटो काढतो. त्याच गायकाला ‘कागदावर सही करण्याआधी मला दाखव’ असे आमच्यापैकी किती जणांनी सांगितले?

कायदा आता पूर्वीइतका आंधळा राहिलेला नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली गायक-वादकांचे हक्क घातले गेले आणि २०१२ साली मोठी दुरुस्ती झाली. ध्वनिमुद्रित गाण्याच्या व्यापारी वापरावर कवी आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा त्याने लिहून दिला तरी जात नाही. गायकालाही व्यापारी वापराबद्दल रॉयल्टीचा हक्क आहे. हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षे, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, असे कायदा धरून चालतो. आणि करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वातच नव्हते त्याला तो करार लागू होत नाही, त्याचा स्पष्ट उल्लेख असल्याखेरीज. जुन्या करारांना यातले काय आणि किती लागू होते यावर वाद घालता येतो, तो न्यायालयात घालावा लागेल. पण वाद घालायला कागद लागतो. २०१३ साली गायकांच्या हक्कांसाठी इंडियन सिंगर्स राइट्स असोसिएशन स्थापन झाली. तिच्या यादीत आपल्या वस्त्यांतली नावे किती, हे ज्याने त्याने आपल्या परिसरातल्या गायकाला विचारून पाहावे.

कारण पुढची पिढी आता त्या वाटेवर आहे. अमेरिकन स्पर्धेचा भारतीय अवतार ऑक्टोबर २००४ मध्ये सुरू झाला, मार्च २००५ मध्ये मुंबईचा अभिजीत सावंत जिंकला, आणि तेव्हापासून एसएमएसचे आवाहन आपल्या वस्त्यांतही पोहोचले. आपला एखादा मुलगा किंवा मुलगी अशा स्पर्धेत पुढच्या फेरीत गेली की चौकात फ्लेक्स लागतो, लोक मते पाठवितात. त्यात गैर काही नाही, आम्हीही पाठविली आहेत. पण त्या पोराच्या घरी संध्याकाळी जाऊन, चहा घेत, कराराची पाने उलगडून बसणारा एक तरी माणूस फ्लेक्सच्या वर्गणीतून उभा करता येत नाही काय?

फँटेझियाची हकीकत अजून संपलेली नाही. २०२४ साली, चाळिशीत, तिने ओहायो राज्यातील सेंट्रल स्टेट विद्यापीठात प्रवेश घेतला. हे कृष्णवर्णीयांसाठी उभे राहिलेले विद्यापीठ विल्बरफोर्स या गावी आहे. विल्बरफोर्स विद्यापीठाच्याच एका विभागातून ते वाढले, आणि त्या विल्बरफोर्समध्ये १८९४ ते १८९६ या काळात विल्यम ड्युबॉइस शिकवीत होते. हे तेच ड्युबॉइस, ज्यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहून निग्रो समाजाने संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या होत्या आणि ज्यांनी त्या पत्राला लगेच उत्तर दिले होते. फँटेझियाने तिथे जो विषय घेतला तो संगीत नाही, व्यवसाय प्रशासन आहे. आम्हाला या निवडीचे फार कौतुक वाटले.

जाता जाता एक विनंती. गायक, वादक, कवी, शाहीर, ज्यांच्या घरी जुने स्टॅम्पपेपर, पावत्या, कॅसेटवरचे छापील कागद पडले असतील त्यांनी ते रद्दीत घालू नयेत. कॅसेटच्या कागदावर नाव आणि साल असते, पुरावा म्हणून त्याचा उपयोग होतो. दर रविवारी सकाळी वंदनेनंतर आम्ही विहारात बसतो. कागद घेऊन यावे. इंग्रजीत असला तर मराठीत वाचून दाखवू, त्याची फी नाही.